चून-भाकरीचं दान

"पाय धुऊन घे माय, आन् त्याच्या अंगाले हात लावू नोको," फाटकापाशी मी मायला पुन्हा एकदा सांगितलं.

"काऊन? मी काय महारोगी हाय?" माय म्हणाली. "नऊ महिने पोटात वागवलं, तवा कोनी अडवलं नाई."

"तवा तो भंते नव्हता."

"आताबी माहाच हाय," असं म्हणून ती नळाखाली पाय धुवायला वाकली. बराच वेळ धुवत राहिली. टाचेच्या भेगांतली काळी माती तिथं, दुसऱ्याच्या देशात, घासून घासून काढत होती.

नारळीच्या झाडांमागं समुद्र होता. मी जन्मात पहिल्यांदा समुद्र बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. पाणी होतं, पुष्कळ होतं, एवढंच.

ही गोष्ट बरीच जुनी आहे. श्रीलंकेत तेव्हा लढाई चालू होती, पण ती वरच्या अंगाला. खाली दक्षिणेच्या किनाऱ्यावर माणसं शांतपणे मासे विकत होती. नागपूरहून आमच्या इंदोऱ्यातल्या विहाराची मंडळी अनुराधपूर बघायला निघाली होती. त्यांच्यातून आम्ही मायलेकी दोन दिवस सुटून इकडं आलो. माझा धाकटा भाऊ नरेश इथल्या पिरिवेनात शिकत होता. पिरिवेन म्हणजे भिक्खूंचं कॉलेज. या पिरिवेनाचं नाव लांबलचक होतं, ते मायच्या जिभेला वळायचं नाही. ती आपली 'नरेशचं कालेज' म्हणायची.

नरेश मिसरूड फुटायच्या आधीच घरातून निघाला होता. आता त्याचं नाव सीलवंस होतं, आणि पुढच्या महिन्यात त्याची उपसंपदा होती. ती झाली की तो पुरता भिक्खू होणार होता, आतापर्यंत नुसता श्रामणेर होता. मायला तिथं त्याआधीच पोचायचं होतं.

कारण आमचा मोठा भाऊ, हेमराज, उन्हाळ्यात गेला होता. कावीळ झाली, पोटात गेली, माणूस संपला. नरेशला आम्ही कळवलंच नव्हतं. मी पत्र लिहायला बसले तर मायनं पेन काढून घेतला. "मरन चिठ्ठीत नाई धाडत," ती म्हणाली. "मी तोंडानं सांगीन. सांगीन आन् घेऊन येईन त्याले."

घेऊन येणं भागच होतं. भाऊचं सायकलचं दुकान होतं, त्यावर घर चालायचं. बा आमचे लहानपणीच वारले. भाऊ गेल्यावर दुकानात लोकांच्या उघड्या पडलेल्या सायकली तशाच लटकत होत्या, त्या घेऊन जायला लोक येत, म्हणून मी शटर उघडलं. पंक्चर काढायला भाऊनंच शिकवलं होतं, गंमत म्हणून. मग रोजच उघडू लागले. आणि माझं लग्न ठरलेलं होतं. बल्लारशाचे लोक भले होते. म्हणाले, घरात असं झालं, आम्ही दसऱ्यापर्यंत थांबतो. माय म्हणाली, "नरेश येईल, दुकान पाहील, मले पाहील, तू सुखानं जाय." म्हणजे माझंही सगळं त्या पोराच्या येण्यावर टांगलेलं होतं. मला ते कळत होतं, पण भाऊ गेल्यापासून मला काही होतच नव्हतं. बाया गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि चहा टाकला. शेजारची जाई आत्या म्हणालीसुद्धा, "पोट्टी दगडाची हाय का वो?" मला राग आला नाही. मलाही तेच वाटत होतं.

फाटकातून पांढरी लुंगी नेसलेले एक गृहस्थ लगबगीनं आले. हे गुणपाल मास्तर, पिरिवेनात गणित शिकवायचे. बोधगयेच्या यात्रा करून करून हिंदी शिकले होते. "आइए अम्मा, आइए! सीलवंस हामुदुरु का माता? बहुत खुशी!" भंतेला तिथं हामुदुरु म्हणतात. त्यांनी मायच्या हातातली पिशवी घेतली आणि वजनानं खालीच वाकले. पिशवीत ज्वारीचं पीठ आणि बेसन होतं. रस्त्यात शिपायांनी ती दोन ठिकाणी उघडायला लावली होती आणि पिठात काडी खुपसून बघितलं होतं. माय त्यांना मराठीतून म्हणाली होती, "खुपस बाबू, खुपस. भाकरच निंगन त्याच्यातून."

मास्तरांनी आम्हाला भेटीच्या खोलीत बसवलं. एक वेताची खुर्ची, तिच्यावर पांढरं कापड. समोर जमिनीवर चटई. चटई आमची.

नरेश आला आणि मी ओळखलंच नाही. उंच झाला होता, खांदे भरले होते, डोकं तुळतुळीत. तो येऊन खुर्चीवर बसला. माय चटईवर गुडघे टेकून तीनदा वाकली, कपाळ जमिनीला लावून. मीही वाकले. रांगत होता तेव्हा याला कडेवर घेऊन मी कंबर मोडून घेतली होती, आणि आता याच्या पायाशी कपाळ. बरं, त्यात वाईट वाटायचं काही नव्हतं, रीतच ती. त्यानं पंचशील दिलं, आशीर्वाद दिला. मग म्हणाला, "आपण प्रवासानं थकला असाल."

माय माझ्याकडं बघायला लागली. "हा कोनती भाषा बोलून राहिला वो?"

नरेशला हसू आलं. "मराठी बोलायला इथं कोणी नाही ना माय. पुस्तकातलीच राहिली." आणि लगेच, "भाऊ कसा आहे?"

मायनं पदर नीट केला.

"बरा हाय," ती म्हणाली.

"तो का नाही आला? उपसंपदेला तरी येईल ना? मी त्याला दोन पत्रं टाकली."

"दुकान कोन पाहील?" माय म्हणाली. "तुमी जेवता ना पोटभर?"

नुकतंच तिनं त्याच्याकडून पंचशील घेतलं होतं. खोटं बोलणार नाही असं म्हणून तोंड मिटलं होतं, आणि ते तोंड उघडून पहिलंच वाक्य हे. नरेशचं तिकडं लक्ष नव्हतं. तो माझ्या हातांकडं बघत होता.

"ताई, तुझी बोटं काळी कशानं?"

सायकलच्या साखळीचं वंगण नखांत बसलं की साबणानं जात नाही. मी हात पदराखाली घेतले. "भाऊले मदत करतो कधीमधी," मी म्हटलं.

"भाऊ तुला पाना हातात धरू देतो?" तो म्हणाला. "मला तर हवासुद्धा भरू द्यायचा नाही."

दुपारभर त्यानं आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. दीडशे वर्षांची जागा होती. धर्मोपदेशाचा मोठा हॉल, त्याचे फणसाच्या लाकडाचे खांब हाताला गुळगुळीत लागत, पिढ्यान्‌पिढ्या पोरं टेकून बसलेली. ग्रंथालयात कापडात गुंडाळलेली ताडपत्रं. खिडक्यांचे गज खाऱ्या वाऱ्यानं खाल्लेले. पांढरा स्तूप, पार बांधलेला बोधिवृक्ष, त्याच्या पानांची सळसळ आणि मागं समुद्राचा घोष. पोरं भगव्या चीवरात ओळीनं चालत, नरेशला बघून अंग चोरून बाजूला होत. इथं तो लहानांना पाली शिकवायलाही लागला होता. कुठला खांब कोणत्या गावानं दिला ते तो सांगत होता. माय बघत होती ती फक्त त्याच्या टाचांकडं. त्यांनाही भेगा होत्या.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एक म्हातारा कोळी नारळ घेऊन बसला होता. नरेश दिसताच तो उठला आणि जमिनीवर लोटांगण घातल्यासारखा वाकला. त्याच्यामागं मोटारीतून उतरलेले एक सुटाबुटातले साहेब होते, तेही वाकले. नरेश उभाच होता. भिक्खू कोणापुढं वाकत नाही, फक्त वडीलधाऱ्या भिक्खूपुढं.

"पायलं?" माय माझ्या कानात म्हणाली. "हेमराज हेच म्हने."

भाऊ म्हणायचा खरं. आमचे बा गावात पाटलाच्या ओट्याखाली मातीत बसायचे. ओट्यावर जागा रिकामी असली तरी खालीच. भाऊनं ते लहानपणी बघितलं होतं. नरेशनं चीवर घ्यायचं काढलं तेव्हा माय रडून गोंधळ घालत होती आणि भाऊच तिला समजावत होता, "जाऊ दे त्याले. आपल्या घरातला एक तरी वर बसू दे." स्टेशनावर त्याची पेटी भाऊनंच डोक्यावर घेतली होती. गाडी हलल्यावर परत आला आणि दुकानात जाऊन काम करत बसला, रात्रीपर्यंत घरी आला नाही.

"मंग सांगशील ना त्याले?" मी मायला विचारलं.

"उद्या दान झाल्यावर," माय म्हणाली. "आज सांगतलं तर उद्या घास नाई उतरनार त्याच्या गळ्याखाली. आन् बारा वाजल्यावर याईले काई खायले भेटत नाई. पोरगं उपाशी राहील. पोटभर जेवू दे, मंग सांगीन."

"आन् घरी चाल म्हनशील?"

"त्याच्यासाठीच आली ना मी."

तिथली रीत अशी की बाहेरून आलेल्या घरानं एका दुपारचं जेवण द्यायचं. सकाळी माय पिरिवेनाच्या स्वयंपाकघरात शिरली. तिथल्या बाया नारळ खवत होत्या, मोठ्या हंड्यांत लाल तांदूळ शिजत होता. मायनं सगळ्यांना बाजूला सारलं. तवा मिळेना, एक पसरट कढई होती तिच्यावरच भाकरी भाजायला लागली. भाकरी मोडायच्या, ती शिव्या द्यायची, बाया तोंडावर हात ठेवून हसायच्या. मग तिनं चून केलं. बेसनाचं, लसणाचं, लाल मिरचीचं, आमच्याकडं करतात तसं घट्ट. ठसका उठला तशी स्वयंपाकघर रिकामं झालं. गुणपाल मास्तर डोळे पुसत दारात आले.

"अम्मा, ये दान किसके लिए? जिंदा के लिए, या मरे हुए के लिए?"

मायला हिंदी कळली नाही, किंवा कळली असेल. ती कढईतच बघत राहिली. मी म्हटलं, "मरे हुए के लिए."

"अच्छा, अच्छा. पिताजी," मास्तर म्हणाले. मी त्यांना तसंच समजू दिलं. ते कपाटातून पितळी झारी काढायला गेले.

भिक्खू भिंतीशी पांढऱ्या कापडावर ओळीनं बसले. मध्ये मुख्य महाथेर, फार म्हातारे, डोळ्यांत मोतीबिंदू. नरेश एरवी ओळीच्या शेवटी बसायचा, पण आज त्याला महाथेरांच्या शेजारी बसवलं होतं, आमचं बोलणं सिंहलीत सांगायला. मराठी जाणणारा तिथं तोच एक. माय वाढायला उठली. महाथेरांच्या पात्रात चून पडलं, त्यांनी बोटभर चाखलं आणि जोरात ठसका लागला. पाणी प्यायले, मान हलवली, आणि पुन्हा बोट घातलं. ओळीतली पोरं खाली मान घालून हसली. नरेशच्या पात्रात मायनं दीड भाकरी मोडून घातली आणि वर चुनाचा गोळा. भिक्खूनं मागायचं नसतं आणि नको म्हणायचं नसतं. त्यानं मान वर केली नाही. सगळं खाल्लं, पात्र बोटानं पुसून खाल्लं. माय चटईवर बसून त्याच्या तोंडाकडं बघत होती, एकेक घास मोजल्यासारखी. शेवटचा घास गिळला तेव्हा तिनं डोळे मिटले.

मग मास्तरांनी आमच्यापुढं ती झारी आणून ठेवली. ताटात एक वाटी. आमच्याकडंही जलदान करतात, त्यामुळं मायला सांगायला लागलं नाही. मेलेल्याचं नाव घ्यायचं, भिक्खू गाथा म्हणतात, घरच्यांनी झारीनं वाटीत पाणी ओतत राहायचं, वाटी भरून वाहीपर्यंत.

महाथेर काहीतरी बोलले. नरेशकडं वळून विचारलं. नाव विचारलं असणार. नरेशनं आमच्याकडं न बघताच सिंहलीत सांगायला सुरुवात केली, आणि त्या सगळ्या अनोळखी शब्दांत मला एक ओळखीचा ऐकू आला. ताराचंद. आमच्या बाचं नाव. तो सहज सांगत होता, रोज कितीतरी जणांची सांगत असेल तसं.

"भंते," माय म्हणाली.

नरेश थांबला.

"बाचं नाव नोका सांगू," माय म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हेमराजचं सांगा."

"काय?" नरेश म्हणाला.

"हेमराज ताराचंद गजभिये. उन्हाळ्यात गेला. त्याच्या नावानं हाय हे दान. सांगा त्याईले."

कोणाला काही कळलं नव्हतं. भिक्खू वाट बघत होते. बाहेर समुद्र चालूच होता. महाथेरांनी मान नरेशकडं वळवली आणि हळू आवाजात काहीतरी विचारलं. मग त्यानं एक वाक्य सांगितलं. त्यातलं मला 'हेमराज' तेवढं कळलं. महाथेरांनी अजून काही विचारलं, त्याचंही त्यानं उत्तर दिलं. माझ्या बाजूला मास्तरांच्या तोंडून "अय्यो" असं निघालं.

गाथा सुरू झाल्या. मायनं झारी उचलली, मी तिच्या हातावर हात ठेवला. तिचा सुरकुतलेला हात आणि माझी काळी बोटं, वाटीत पाण्याची बारीक धार. मी मान वर करून नरेशकडं बघितलं. त्याचे ओठ बाकीच्यांबरोबर हलत होते. एक शब्द मागं नाही, एक पुढं नाही. मला वाटलं, याला काही झालंच नाही. मग वाटलं, मला तरी कुठं काय झालं? वाटी भरली, ताटात वाहिली, ताट भरलं. गाथा संपल्या तरी आम्ही ओततच होतो. मास्तरांनी हळूच झारी काढून घेतली.

"साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले.

भिक्खू उठून गेले. मी मास्तरांना विचारलं, "बडे भंते ने क्या पूछा था?"

मास्तर आधी सांगेनात. मग म्हणाले, "पूछा, ये हेमराज कौन? हामुदुरु बोले, इस माता का बेटा." त्यांनी हात जोडले. "मेरा भाई, ऐसा नहीं बोले."

मायनं ते ऐकलं. एवढी हिंदी तिला कळत होती. ती भिंतीला हात धरून उठली आणि म्हणाली, "चाल, पिशवी भर."

पण न भेटता कसं जाणार? आम्ही नरेशच्या खोलीबाहेर पडवीत जाऊन बसलो. तिथंही तेच, एक खुर्ची, पांढरं कापड, खाली चटई. समोर समुद्रावर ऊन पडलेलं. माझ्या मनात आलं, ही आता त्याला घरी चल म्हणणार नाही. जो भावाला भाऊ म्हणाला नाही त्याला काय म्हणणार. म्हणजे माझं लग्नही गेलं. हे सगळं मी शेजारणीचं असल्यासारखं मनात बोलत होते.

नरेश आला. खुर्चीपाशी थांबला नाही. आमच्यासमोर उघड्या फरशीवर बसला, चटईच्याही बाहेर. चीवराचा सोगा जमिनीवर लोळत होता.

"काय झालतं त्याले?" त्यानं विचारलं. पुस्तकातली मराठी गेली होती.

"कावीळ," माय म्हणाली.

"दवाखान्यात नेलं नाई?"

"नेलं ना. ताईनंच नेलं. रिक्षात माह्या मांडीवर डोकं होतं."

"काई बोलला?"

मी सांगितलं, "म्हने, नरेशले सांगू नोका, परीक्षा हाय त्याची."

त्यानं तोंडावर चीवर ओढलं. मग जो आवाज आला तो मी लहानपणी ऐकला होता, तो विहिरीच्या पायऱ्यांवरून पडला होता तेव्हा. पडवीच्या टोकाला दोन लहान श्रामणेर उभे होते, ते घाबरून पळाले. मायचा हात त्याच्या डोक्याकडं गेला आणि मध्येच थांबला. तिनं तो परत आपल्या मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

बऱ्याच वेळानं नरेशनं तोंड पुसलं. माझ्या बोटांकडं बघितलं.

"दुकान तूच चालवून राहिली ना?"

मी मान हलवली.

"माय वो," तो म्हणाला, "मी येतो घरी. मोठ्या भंतेले सांगतो, चीवर परत देतो. त्याले काई मनाई नाई. दुकान मी पाहीन. ताईचं लग्न लावून देऊ दसऱ्याले."

आणि माझ्या छातीत काहीतरी हललं. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा. कशाला खोटं सांगू, ते दुःख नव्हतं. मला बल्लारशाचं घर दिसलं, तुळईला टांगलेला कंदील, अंगणातला पेरू. एकदाच बघितलं होतं मी ते घर. मला एकदम भूक लागली, रडू आलं, सगळं मिळूनच आलं. मी मायच्या तोंडाकडं बघितलं. याच्यासाठीच ती आली होती. न मागताच मिळालं होतं.

माय गुडघ्यांवर हात ठेवून उठली. मला वाटलं, आता हात लावते त्याला, लावू दे. पण ती खुर्चीपाशी गेली. पदरानं बैठक झटकली. पांढऱ्या कापडाची घडी सरळ केली, चारी कोपरे ओढून.

"वर बसा, भंते," ती म्हणाली.

"माय..."

"वर बसा म्हनतो ना. खाली नोका बसू."

तो बघत राहिला. मायही खुर्चीची पाठ धरून तशीच उभी. शेवटी तो उठला, खुर्चीवर बसला. मायनं चटईवर येऊन तीनदा कपाळ टेकलं. मग माझ्याकडं बघितलं. मी काय करणार? मीही वाकले.

परतीच्या गाडीत माय खिडकीला डोकं लावून झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं. मी समुद्र संपेपर्यंत रडले. समोरच्या बाईनं मला नारळाची वडी दिली.

दसरा आला आणि गेला. बल्लारशाचे लोक अजून थोडे थांबले, मग त्यांनी वर्ध्याची मुलगी केली. त्यांचं काही चुकलं नाही. मी शटर उघडत राहिले. सुरुवातीला पोट्टे मुद्दाम हवा सोडून यायचे, बाई पंक्चर काढते ते बघायला. मग सवय झाली त्यांना. रोज संध्याकाळी मी घरी आले की माय रॉकेलचा बोळा घेऊन बसायची आणि माझं एकेक बोट पुसायची. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. ती जायच्या आदल्या वर्षी मीच एकदा विचारलं, "तवा तुनं त्याले वर काऊन बसवलं?"

तिनं बोळा थांबवला नाही.

"लेकाले सांगवलं नसतं वो मले," ती म्हणाली. "आदल्या दिवसभर प्रयत्न केला, तोंडच उघडे ना. म्हून भंतेले सांगतलं. भंतेनं आयकून घेतलं, सगळ्याईच्या समोर, हूं का चूं नाई केलं. मंग त्यालेच कोन्या तोंडानं म्हनू, चाल, चीवर काढ?"

माझ्या लग्नाचं मी विचारलं नाही. तिनं माझं दुसरं बोट हातात घेतलं.

माय गेल्यावर नरेश आला होता. आता तो मोठा भंते आहे, बरोबर दोन शिष्य असतात. दुकानापुढं वस्ती जमली. कोणीतरी खुर्ची आणली, कोणीतरी धुतलेली पांढरी चादर. तो बसला. सगळे वाकले. ज्यांनी आमच्या बाला ओट्यावर चढू दिलं नव्हतं त्यांच्यातला एक नातू आता आमच्याच गल्लीत भाड्यानं राहतो, तोही वाकला. मी पोत्यावर बसून कोणाची तरी ट्यूब पाण्याच्या घमेल्यात बुडवत होते. हात ओले होते म्हणून नुसती मान वाकवली.

नरेशनं माझ्याकडं बघितलं. मग त्यानं शिष्याला खूण केली आणि शेजारी दुसरी खुर्ची ठेवायला लावली.

"ताई," तो म्हणाला, "खाली काऊन बसली? इथं बस ना वर."

पाण्यात बुडबुडे आले. मी त्या जागेवर बोट दाबलं.

"खुर्चीवर बसून पंक्चर निंगत नाई, भंते," मी म्हटलं. "तुमी बसा."